हेडलाईटचा उजेड वाढवायचाय: १००/९० चा बल्ब, एलईडी की रिले वायरिंग?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

राम राम मंडळी. गाडी जुनी वॅगनआर, एच४ बल्ब (हॅलोजन, एकाच काचेत अप्पर आणि डिपर), ६०/५५ वॅट, म्हणजे अप्पर ६०, डिपर ५५. वापर बहुतेक रात्रीचा, चाळीसगाव-धुळे आणि कन्नड घाट. डिपरवर उजेड पिवळट आणि तोकडा पडतो. कापूस-उसाच्या ट्रॉल्यांना मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, त्या अगदी जवळ गेल्यावरच दिसतात. बाजारात तीन गोष्टी सुचवतात: १००/९० वॅटचा बल्ब, पांढरा एलईडी, नाहीतर रिले (छोट्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच) टाकून तोच बल्ब. कशाने खरा फरक पडतो आणि कशाने गाडीचं नुकसान होतं, ते जाणकारांनी सांगावं. समोरच्याच्या डोळ्यांवर झोत जायला नको, ही पहिली अट.

---

वायरमन (धुळे)

भाऊ, बल्ब घ्यायच्या आधी मल्टीमीटर घ्या. उजेड कमी का पडतो ते मोजल्याशिवाय कुठलाही बल्ब म्हणजे अंदाजपंचे खर्च.

हॅलोजनचा उजेड व्होल्टेजच्या साध्या प्रमाणात कमी होत नाही, कितीतरी जास्त वेगाने पडतो. बल्बचा ठरलेला उजेड १३.२ व्होल्टला मोजलेला असतो. त्या मापाने एच४ चा अप्पर साधारण १६५० ल्यूमेन (उजेडाचं माप) आणि डिपर १००० ल्यूमेन. तो १०० टक्के धरला, तर १२.६ व्होल्टला सुमारे ८५ टक्के, १२ ला ७२ आणि ११.५ ला ६२-६३ टक्केच उरतो. म्हणजे दीड-पावणेदोन व्होल्ट वाटेत हरवले की एक तृतीयांश उजेड गेला. त्यात रंगही पिवळा होतो, म्हणून डोळ्याला तो आणखीच कमी वाटतो.

मोजायचं असं. इंजिन चालू, रेस थोडी वर, साधारण १५०० आरपीएम. डिपर लावा, बल्ब कपलरमध्येच (बल्बच्या मागचा वायरींचा प्लग) राहू द्या. मीटर डीसी २० व्होल्टवर. आधी बॅटरीच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज लिहून घ्या. मग लाल प्रोब बॅटरीच्या प्लसला आणि काळा प्रोब कपलरच्या मागून डिपरच्या टोकाला टेकवा. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट प्लसच्या वाटेत खर्ची पडतात. त्यानंतर एक प्रोब बॅटरीच्या मायनसला, दुसरा कपलरच्या अर्थच्या (बॉडीमार्गे मायनसला परत जाणाऱ्या) टोकाला. तो अर्थच्या वाटेतला खर्च. प्रोब जाड असेल तर कपलरमध्ये शिरत नाही, तिथे टाचणी वापरा, पण दोन टाचण्या एकमेकींना लागू देऊ नका.

दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर वायरिंग ठीक आहे, दोष दुसरीकडे शोधायचा. एक व्होल्टच्या वर असेल तर बल्ब बदलून हाती काही लागणार नाही. डावा आणि उजवा दोन्ही मोजा, दोन बाजूंत फरक निघतो.

---

तापीकाठ (भुसावळ)

मीटरबरोबर काचही बघा. आपल्याकडचं ऊन पॉलीकार्बोनेटच्या काचेला खाऊन टाकतं. वरचा यूव्ही कोट गेला की काच पिवळी आणि धुरकट होते, आणि मग आतला उजेड रस्त्यावर जाण्याऐवजी काचेतच विखुरतो. तुमचा झोत तोकडा आणि समोरच्याला मात्र चमक जास्त, असं दुहेरी नुकसान होतं. अशा काचेमागे जास्त वॅटचा बल्ब लावला तर फक्त ती चमक वाढते.

दुरुस्ती घरी होते. काचेभोवतीच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर. पाण्यात शॅम्पूचे चार थेंब, आणि ८०० नंबरचा वॉटर पेपर ओला करून आडवा घासा. सुरुवातीला पाणी पिवळसर निघतं. ते दुधासारखं पांढरं निघू लागलं की जुना कोट पूर्ण गेला असं समजा. तोवर पुढच्या नंबरला जायचं नाही, कारण मधे राहिलेले जुन्या कोटचे डाग नंतर क्लिअर मारल्यावर ठळक दिसतात. मग १००० उभा, १५०० आडवा, २००० उभा. दर वेळी दिशा बदलली की मागचे ओरखडे राहिले का ते लगेच कळतं. शेवटी ३००० आणि रबिंग कंपाउंड.

इथपर्यंत सगळे करतात आणि थांबतात. पण यूव्ही रोखणारा क्लिअर कोट मारला नाही तर काच थोड्याच महिन्यांत परत पिवळी, आधीपेक्षा वेगाने. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) क्लिअरचे दोन पातळ हात द्या. हे काम मे महिन्याच्या दुपारी करू नका. तापलेल्या काचेवर क्लिअर पसरायच्या आत सुकतो आणि संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत होतो. सकाळी, सावलीत, काच गार असताना मारा. टू-केच्या फवाऱ्यातला आयसोसायनेट फुप्फुसाला घातक आहे, म्हणून उघड्यावर आणि गॅस फिल्टरचा मास्क लावूनच. साधा कापडी रुमाल चालत नाही.

टूथपेस्टने काच चकचकीत होते ती फक्त वरवर, टिकत नाही.

आत टॉर्च मारून रिफ्लेक्टरही बघा. चांदी राखाडी पडली असेल किंवा पापुद्रे सुटले असतील तर पूर्ण हेडलाईट बदलण्याशिवाय इलाज नाही. कापड घालून पुसायला तर मुळीच जाऊ नका, तो थर इतका नाजूक असतो की एका हाताने निघून येतो.

---

गिरणाकाठ

मोजलं. बॅटरीवर १४.०. उजव्या डिपरला प्लसच्या वाटेत १.४, अर्थमध्ये ०.३. डाव्याला १.२ आणि ०.३. काच किंचित धुरकट, रिफ्लेक्टर चांगला आहे.

---

वायरमन

मग उत्तर सापडलं. उजव्या बल्बला १२.३ व्होल्ट पोहोचतात, म्हणजे ठरलेल्याच्या ७८-७९ टक्के उजेड. हेच १३.५ व्होल्ट पोहोचवले तर १०८ टक्के. बल्ब तोच, होल्डर तोच, रिफ्लेक्टर तोच आणि उजेड आजच्या सव्वापटीपेक्षा बराच वर. जास्त वॅटची गरजच नाही.

हे व्होल्ट जातात कुठे? जुन्या गाड्यांत हेडलाईटचा सगळा करंट बॅटरीतून डॅशमागे, तिथून स्टिअरिंगच्या स्विचमध्ये आणि परत पुढे, असा फिरून येतो. दोन डिपरचा मिळून जवळपास १० अँपिअर. वायर ०.७५ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर, वायरची जाडी) असेल तर तिचा रोध मीटरमागे सुमारे ०.०२३ ओहम, चार मीटरच्या वाटेत फक्त तांब्यातच ०.९ व्होल्ट गेले. वर स्विचचे काळे पडलेले पॉइंट आणि सैल कपलर. यातलं काही नवीन बल्बने सुधारत नाही.

रिले टाकण्याआधी अर्थ घ्या हाती, कारण ०.३ फुकट परत मिळतात. हेडलाईटजवळच्या बॉडीचा अर्थ बोल्ट खोला, लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) आणि पत्रा दोन्ही पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासा, परत घट्ट आवळा आणि वरून व्हॅसलीन किंवा ग्रीस लावा. ग्रीस आवळल्यावर, आधी नाही. बॅटरीच्या मायनसपासून बॉडीला येणारी जाड वायरही तशीच साफ करा.

---

वाघूर (जळगाव)

रिलेचं काम मी मांडतो. एकदा नीट समजलं की सुट्टीच्या दिवशी दुपारपर्यंत आटोपतं.

सामान: १२ व्होल्ट ३० किंवा ४० अँपिअरचे चार पिनी रिले २, सॉकेटसह. ब्लेड फ्यूज होल्डर २, फ्यूज १५ अँपिअरचे २. तांब्याची बहुतारी वायर २.५ स्क्वेअर, लाल ७ मीटर आणि काळी ३ मीटर. रिलेच्या कॉइलसाठी १ स्क्वेअर ३ मीटर. सिरॅमिकचे एच४ होल्डर २. जुन्या कपलरमध्ये बसणारा एच४ चा मेल प्लग १. लग, हीट श्रिंक, कोरुगेटेड पाइप.

वायर घेताना एक तार ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरं निघालं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ते नको. तयार हार्नेस घेणार असाल तर हे जास्तच तपासा. वरचं प्लास्टिक जाड आणि आतलं तांबं चिमूटभर, असे बरेच मिळतात.

जोडणी: बॅटरीचा मायनस आधी काढून ठेवा. बॅटरीच्या प्लसपासून दोन स्वतंत्र लाल वायरी, प्रत्येकीत बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत फ्यूज. फ्यूज लांब ठेवला तर मधल्या वायरचं कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झालं की तिला कोणीच अडवत नाही, आगी तिथूनच लागतात. एक फ्यूज डिपरच्या रिलेचा, दुसरा अप्परच्या. एक उडाला तरी दुसरा शाबूत राहतो आणि घाटात पूर्ण अंधार होत नाही.

फ्यूजमधून वायर रिलेच्या ३० नंबरला. ८७ मधून दोन वायरी, एक डाव्या बल्बला, एक उजव्या. डावीकडून उजवीकडे फाटा काढू नका, नाहीतर दोन्हींचा करंट एकाच वायरमधून जातो आणि लांबचा बल्ब मंद राहतो. ८५ आणि ८६ ही कॉइलची टोकं. इथे जुन्या कपलरमधून इशारा द्यायचा, एवढंच काम आता जुन्या वायरिंगचं. कॉइल जेमतेम ०.१५ अँपिअर घेते, त्यामुळे स्टिअरिंगचा स्विचही सुटला. दोन्ही बल्बचे अर्थ २.५ स्क्वेअरनेच, शक्यतो थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत.

रिले पाच पिनी मिळाला तर मधली पिन ८७ए असते, ती रिले बंद असताना जोडलेली राहते. बल्ब चुकून तिच्यावर लावला तर स्विच बंद असताना लाईट चालू. ती मोकळी सोडून वरून स्लीव्ह घाला.

रिले पिना खाली करून बसवा, पाणी साचत नाही. रेडिएटरचा पंखा आणि सायलेन्सरपासून वायर लांब. पीळ देऊन टेप गुंडाळायचा नाही. बॉनेटखालच्या उष्णतेने टेपचा गोंद पाझरतो आणि सांधा उघडा पडतो. लग क्रिंप करा (पक्कडीने वायरवर दाबून बसवा), ओढून बघा, मग हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी).

आणि मूळ वायरिंग कुठेही कापू नका. मेल प्लगमुळे उद्या रिले अडला तर जुना कपलर परत बल्बला लावून घरी येता येतं.

---

अनेर (शिरपूर)

वाघूर दादांच्या मांडणीत एक भर, नाहीतर बऱ्याच गाड्यांत रिले ओढतच नाही आणि लोक रिलेला दोष देतात.

एच४ च्या तीन टोकांत एक सामाईक असतं. काही गाड्यांत ते अर्थ असतं आणि स्विच प्लस देतो. जपानी बनावटीच्या बऱ्याच गाड्यांत उलट: सामाईक टोकाला प्लस आणि स्विच अर्थ देतो. पिनेची जागा बघून ठरवू नका, मोजा.

दोन्ही बाजूंचे कपलर बल्बवरून काढा. एकच काढला तर दुसऱ्या बल्बच्या फिलामेंटमधून उलट करंट येतो आणि मीटर भलतंच दाखवतं. काळा प्रोब बॅटरीच्या मायनसला. डिपर लावा, तिन्ही टोकं तपासा. मग अप्पर लावून परत. १२ व्होल्ट डिपरला एका टोकावर आणि अप्परला दुसऱ्या टोकावर सरकले, तर स्विच प्लस देतो. एकाच टोकावर दोन्ही वेळा १२ दिसले, तर ते सामाईक प्लस आहे. अशा गाडीत दोन्ही रिलेंची ८६ त्या सामाईक प्लसवर, आणि ८५ ज्या त्या डिपर-अप्परच्या टोकावर. पुढे ८७ पासून बल्बपर्यंतची जोडणी वर लिहिली तशीच, बल्बला काही फरक पडत नाही.

अशा गाडीत कधी कधी डॅशवरचा अप्परचा निळा दिवा मंद होतो किंवा लागतच नाही, कारण तो जुन्या फिलामेंटमधून करंट घेत असतो. तेवढ्यापुरतं ऑटो इलेक्ट्रिशियनला दाखवा, निळ्या दिव्याशिवाय गाडी चालवू नका. अप्पर चालू राहिल्याचं कळत नाही आणि समोरच्याचा जीव धोक्यात येतो.

---

केळीबाग (रावेर)

रिले टाकला, वायर जाड केली, मग १००/९० का नाही लावायचा? वायरिंग तर झेलेल. आमच्या रावेर-सावदा भागात रात्री केळीच्या गाड्या भरून निघतात, शेतरस्त्याला उजेड लागतोच.

---

वायरमन

नाना, वायर झेलेल, हेडलाईट झेलणार नाही. दोन्ही अप्पर मिळून १२ व्होल्टला १६-१७ अँपिअर, चालू इंजिनला त्याहून जास्त. १५ चा फ्यूज उडेल, म्हणून लोक ३० चा टाकतात, आणि मग २.५ स्क्वेअरची वायर गरम होईपर्यंत फ्यूज गप्प बसतो. ते झालं वायरचं. त्याच्या पुढची गोष्ट रिफ्लेक्टरची. आजकालचे रिफ्लेक्टर प्लास्टिकचे असतात, ६०/५५ ची उष्णता धरून बनवलेले. बल्बच्या बरोबर वरच्या भागात आधी चांदी काळवंडते, मग प्लास्टिक किंचित वाकतं. ते वाकणं डोळ्याला दिसत नाही, पण झोताची वरची कड (जिथे उजेड संपून अंधार सुरू होतो ती रेषा) फुटते. मागचं रबर बूट कडक होऊन तडकतं आणि आत धूळ, पाणी.

आणि ९० वॅट हे डिपरचं आहे हे विसरू नका. डिपर तर समोर गाडी असतानाच लावतो आपण. कडेच्या वर जो थोडा विखुरलेला उजेड प्रत्येक हेडलाईटमधून जातो, तोही त्याच प्रमाणात वाढतो. असे बल्ब खोक्यावर ‘ऑफ-रोड’ लिहून विकतात ते याचसाठी.

अजून एक जुगाड चालतो, अप्पर लावल्यावर डिपरही चालू ठेवायचं. एच४ मध्ये दोन्ही फिलामेंट एकाच काचेत आहेत, ११५ वॅट तिथे कोंडतात. पास देण्यापुरतं क्षणभर ठीक, कायमचं नको.

उजेड आणखी हवाच असेल तर ६०/५५ मधलेच वरच्या दर्जाचे बल्ब आहेत: फिलिप्सचा एक्स्ट्रीमव्हिजन, ओसरामचा नाईट ब्रेकर. वॅट तेवढेच, फिलामेंट जास्त तापणारं आणि नेमकं बसवलेलं, म्हणून झोताचा मधला भाग लांब जातो. खोक्यावरचा ‘+१३०’ हा आकडा रस्त्याच्या ठराविक पट्ट्यापुरता असतो, एकूण उजेड तेवढा वाढत नाही. बदल्यात आयुष्य कमी. आणि रिलेनंतर तर हे लक्षात ठेवाच: व्होल्टेज ५ टक्क्यांनी वाढलं की हॅलोजनचं आयुष्य निम्म्याच्या आसपास येतं. बॅटरीवर १४.५ च्या वर जात असेल तर आधी अल्टरनेटरचा रेग्युलेटर तपासा.

निळ्या काचेचे ‘झेनॉन लुक’ बल्ब घेऊ नका. निळा मुलामा म्हणजे पिवळा-लाल उजेड आतच अडवणं, दिसायला पांढरं आणि रस्त्यावर कमी.

बल्ब बसवताना काचेला बोट लागू देऊ नका. घामातलं मीठ आणि तेल तापलेल्या क्वार्ट्झवर जळून डाग पडतो आणि बल्ब तिथून फुगतो किंवा फुटतो. लागलंच तर अल्कोहोलने पुसा.

---

लळिंग (धुळे)

एलईडीचं कोणी बोलेना. पांढरा, करंट कमी, वायरिंगला ताण नाही. मग वाईट काय?

---

पांझराकाठ (साक्री)

एलईडी वाईट नाही, तो हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बसवणं अवघड आहे.

एच४ मध्ये डिपरच्या फिलामेंटखाली धातूची छोटी वाटी असते. ती खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि झोताला वर कड येते. फिलामेंट ही बारीक तार, तिची जागा ठरलेली. एलईडीत तारेऐवजी दोन बाजूंना चिप आणि मधे धातूची पट्टी. पट्टी जाड असली की दोन्ही चिप खऱ्या जागेपासून लांब जातात आणि कड विस्कटते. समोरच्याला ती चमक वाटते. चालवणाऱ्याला गाडीजवळचा रस्ता लख्ख दिसतो, त्याला वाटतं उजेड वाढला. पण जवळचा भाग फार उजळला की डोळ्याची बाहुली आकसते आणि लांबचं उलट कमी दिसतं.

तरी लावायचाच असेल तर परीक्षा भिंतीवर घ्या. आधी हॅलोजनची कड खडूने आखा. मग त्याच जागी गाडी ठेवून एलईडी लावा. चिप घड्याळाच्या ३ आणि ९ वर हव्यात, कॉलर फिरवून तसं बसवा. कड खडूच्या रेषेवर आली नाही किंवा तिच्या वर ठिगळं दिसली, तर बल्ब परत करा. हेडलाईट खाली वाकवून ते झाकू नका.

‘२०० वॅट, २०००० ल्यूमेन’ असल्या खोक्यांपासून लांब राहा. मुठीएवढ्या हीटसिंकमधून (मागच्या उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागातून) तेवढी उष्णता निघूच शकत नाही. अँपिअर मोजले तर बहुतेक २० ते ३० वॅट निघतात. लावल्यावर अर्ध्या तासाने उजेड परत मोजा. तापल्यावर बरेच बल्ब स्वतःच करंट कमी करतात. मोबाईलचं लक्स ॲप खरा आकडा देत नाही, पण एकाच फोनने एकाच जागी आधी-नंतर तुलना होते. मागचा पंखा काळ्या मातीच्या धुळीने भरतो, आणि उन्हाळ्यात बॉनेटखाली आधीच भट्टी. हीटसिंकमुळे रबर बूट बसत नाही म्हणून ते कापतात, मग धूळ रिफ्लेक्टरवर. पावसाळ्यात हॅलोजनच्या उष्णतेने आतली वाफ सुकते, एलईडीत ती तशीच राहते.

एचआयडी (झेनॉन गॅसचे दिवे) किटचीही तीच गत, ३५ वॅटमध्ये ३००० ल्यूमेनच्या वर उजेड आणि साध्या रिफ्लेक्टरमध्ये तो सगळा सैरावैरा. त्याला प्रोजेक्टरच (भिंगातून झोत टाकणारा हेडलाईट) लागतो. बाहेरदेशी प्रोजेक्टर किंवा हेडलाईट मागवणाऱ्यांनी आणखी एक बघावं: आपली वाहतूक डावीकडून, म्हणून झोताची कड डावीकडे वर चढायला हवी. उजवीकडून चालणाऱ्या देशाचा माल बसवला तर ती चढती बाजू थेट समोरच्या चालकाच्या डोळ्यांत.

---

तापीकाठ

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी न जुळणारे बदल करू देत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ झोताबद्दल आहे: दिव्यापासून ८ मीटरवर, १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला दिपवून टाकेल असा झोत नको. त्याच बनावटीचा ६०/५५ बल्ब आणि जाड वायर यात अडचण येत नाही. वॉरंटीतल्या नव्या गाडीला मात्र वायरिंग करण्याआधी सर्व्हिस सेंटरला विचारा.

---

गिरणाकाठ

रिले झाले. अनेर ताईंनी सांगितलं तसं आधी मोजलं, स्विच प्लस देणाराच निघाला. आता बॅटरी १४.०, बल्बवर डावीकडे १३.६, उजवीकडे १३.५. बल्ब जुनेच ठेवलेत. निळा दिवा लागतो. उजेडात जमीन-अस्मानाचा फरक आहे, पण उजवा झोत जरा वर जातोय असं वाटतं. झोत कसा लावायचा?

---

अनेर

उजेड वाढला की झोत लावणं सक्तीचंच, कारण आधी जो वाकडेपणा खपत होता तो आता समोरच्याला टोचतो.

सपाट फरशी आणि समोर भिंत अशी जागा. शाळेचं पटांगण, जिनिंगचं आवार चालेल. टायरची हवा बरोबर, टाकी अर्धी, चालकाच्या जागी माणूस बसलेला. डॅशवर झोत वर-खाली करायची चकती असेल तर ती ० वर. गाडी भिंतीला काटकोनात, हेडलाईटपासून भिंत १० मीटर.

प्रत्येक बल्बच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजा, तीच उंची भिंतीवर आखा. त्याच्या १० सेंटीमीटर खाली दुसरी आडवी रेषा. बल्बच्या अगदी समोर उभी रेषा. एक हेडलाईट कापडाने झाका, पण हॅलोजनवर कापड फार वेळ ठेवू नका, काच तापते. डिपर लावा. कडेचा सपाट भाग खालच्या रेषेवर हवा आणि डावीकडे जिथून ती चढायला लागते तो कोपरा उभ्या रेषेवर.

१० मीटरला १० सेंटीमीटर म्हणजे १ टक्का उतार. हेडलाईट ६५ सेंटीमीटर उंच असेल तर कड जमिनीला ६५ मीटरवर टेकते. ५ सेंटीमीटरच खाली ठेवली तर उजेड लांब जातो खरा, पण रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्यावर, प्रत्येक गतिरोधकावर समोरच्याचे डोळे दिपतात. १३ सेंटीमीटरच्या खाली नेऊ नका, नाहीतर रिलेची मेहनत वाया.

स्क्रू दोन असतात, एक वर-खाली, एक डावी-उजवी. पाव-पाव फेरा फिरवा. शेवटचा फेरा नेहमी आवळण्याच्या दिशेने, नाहीतर आट्यांतली ढिलाई राहते आणि धक्क्याने झोत परत खाली येतो. एच४ मध्ये अप्पर आणि डिपर एकाच रिफ्लेक्टरवर असल्याने डिपर बसलं की अप्पर आपोआप बसतं, ते वेगळं लावायचं नसतं. उजवाच वर जात असेल तर आधी बल्बची स्प्रिंग बघा. बल्बच्या पत्र्याचे तीन कान खाचेत पूर्ण बसले नाहीत की झोत वाकडा जातो, आणि लोक स्क्रू फिरवत बसतात.

---

गिरणाकाठ

वरचा कान खाचेच्या कडेवर अडकला होता. परत बसवल्यावर उजवीकडची कड रेषेपेक्षा दोन सेंटीमीटर वर, तेवढं स्क्रूने घेतलं.

---

वायरमन

आता हायवेवरून अर्धा तास फिरवून आल्यावर लगेच होल्डर, रिलेची सॉकेटं, फ्यूज होल्डर आणि बॅटरीचे लग हाताला किती गरम लागतात ते बघा, बल्ब सोडून. कोमट चालेल. चटका बसत असेल तर तिथलं क्रिंप ढिलं आहे, ते कापून नवं करा. तसंच सोडलं तर होल्डरची पिन आधी काळी, मग सैल, मग बल्ब मिणमिणतो.

---

केळीबाग

मना मते हाई बरोबर शे. मी १०० वॅटचा विचार सोडला, पिकअपला आधी मीटर लावतो. एक विचारू, मागे माल भरला की पुढचं तोंड वर होतं. झोत रिकाम्या गाडीवर लावायचा की भरलेल्या?

---

अनेर

नाना, चकती असेल तर रिकाम्या गाडीवर ० ला लावा आणि माल भरल्यावर चकती २ किंवा ३ वर न्या. किती ते भिंतीसमोर एकदा भरलेली गाडी उभी करून खडूच्या रेषेवरून ठरवा. चकती नसेल आणि रात्री गाडी नेहमी भरूनच निघत असेल, तर भरलेल्या गाडीवरच लावा. रिकामी परत येताना उजेड थोडा जवळ पडेल, तेवढं चालवून घ्या, पण केळी भरून निघालेली गाडी बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर समोरच्या मोटारसायकलवाल्याला आंधळं करत जायला नको. लीफ स्प्रिंग बसली असेल तर आधी ती दुरुस्त करा, नाहीतर दर महिन्याला झोत हलत राहील.